ताजं लाकूड, गरम पाणी

८ सप्टेंबर, सकाळ

कालच्या चर्चासत्रात आयुष्याला दिशा मिळाली. शिवाय एक कापडी पिशवी, एक पेन आणि ही डायरी मिळाली. डायरी कोरी ठेवणं बरं दिसत नाही म्हणून लिहायला घेतली आहे. वाचणार कोणी नाही. पण मोठ्या कामांची कुठेतरी नोंद असावी.

विषय होता लाकडावरची ऊर्जा. गॅस जमिनीतून काढला की संपतो. लाकूड तोडलं की झाड पुन्हा उगवतं. इतकी साधी गोष्ट आजवर कोणाला कशी सुचली नाही, असं वाटलं. (सभागृह भरलेलं होतं, म्हणजे पुष्कळांना सुचली होती. पण आमच्या गावातून मी एकटाच.)

जेवणानंतरचं सत्र लाकडातल्या ओलाव्यावर होतं. ते फार टेक्निकल असल्यामुळे मी डोळे मिटून ऐकलं.

मी सार्वजनिक जलतरण तलावाचा उपव्यवस्थापक. तलावावर छप्पर आहे, पाणी बारा महिने गरम. ते जुना गॅसचा बॉयलर गरम करतो. निश्चय: हिवाळ्याच्या आत तलाव लाकडावर आणायचा.

हिला सांगितलं. उन्हाळ्यात हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे ती आमच्याच तलावात सकाळच्या वर्गाला येते. गरम पाण्यात चालायचं, पाय वाकवायचा, सोडायचा. असं करत राहिली तर काठी सुटेल म्हणाले आहेत. हिने एवढंच विचारलं, "अहो, पाणी गरम राहील ना?" मी म्हणालो, आत्तापेक्षा जास्त. ती म्हणाली, मग ठीक आहे. असा भक्कम पाठिंबा सगळ्यांच्या नशिबी नसतो.

एवढ्या निश्चयानंतर आनंद व्हायला हवा होता. तपासून पाहिलं. विशेष काही झालेलं नाही. वय वाढलं की माणूस स्थिर होतो.

९ सप्टेंबर

साहेबांना योजना सांगितली. साहेब म्हणजे तलावाचे व्यवस्थापक. माझ्यापेक्षा लहान, पूर्वी माझ्याच हाताखाली होते. ते फोनमध्ये बघत होते. बघता बघता म्हणाले, "बघू."

तत्त्वतः मंजुरी मिळाली.

२० सप्टेंबर

नगरपालिकेच्या समितीसमोर प्रेझेंटेशन. पहिली स्लाइड: झाड. दुसरी: झाडाकडून तलावाकडे बाण. तिसरी: तलावाकडून पुन्हा झाडाकडे बाण. दुसऱ्या बाणाचा अर्थ एकाने विचारला. मी म्हणालो, चक्र.

आमची पोहण्याची शिक्षिकाही हजर होती. तिच्या गळ्यात कायम शिट्टी असते, बोलतानाही ती मध्येच वाजेल असं वाटतं, त्यामुळे सगळे तिला शिट्टीच म्हणतात. तिने विचारलं, पावसात लाकूड भिजलं तर काय करायचं? मी म्हणालो, झाड आयुष्यभर पावसातच उभं असतं, त्याचं काही बिघडतं का? तिने आणखी काही विचारलं नाही. योग्य उत्तराचा असा परिणाम होतो.

योजना मंजूर. त्याच आठवड्यात गॅसच्या बॉयलरची टाकी फुटली, ठिगळ लावून तो जेमतेम महिनाभर चालेल असं कळलं, हे एक छोटं कारण. मुख्य कारण स्लाइड्स.

घरी येताना वाटलं, पेढा नाही तर केक घ्यावा. दुकानासमोर थोडा वेळ उभा राहिलो. कोणता घ्यावा ते कळेना. कोणताच खावासा वाटत नव्हता. नुसता आलो.

४ ऑक्टोबर

नवा बॉयलर बसला. हिरवा रंग. त्याच्याशेजारी कोठी, कोठीतून एक लांब स्क्रू लाकडाच्या ढलप्या आपोआप आत ढकलतो. माणसाने फक्त पाहायचं. मी बराच वेळ पाहिलं.

बॉयलर बसवणाऱ्या कंपनीच्या माणसाने जाताना तीन गोष्टी सांगितल्या. लाकूड वाळलेलंच घ्या. साठा छपराखाली ठेवा. राख वेळच्या वेळी काढा. मी तिन्हीला हो म्हणालो. आमचे संबंध चांगले राहिले.

छपराचं असं आहे की शेडला यंदाच्या बजेटमध्ये जागा नाही. पुढच्या वर्षी बघू, असं साहेब म्हणाले. साहेब फार बघतात. तोवर मी निळी ताडपत्री मागवली आहे.

१० ऑक्टोबर

वखारवाल्याकडे गेलो. त्याच्याकडे दोन प्रकार होते. एक दोन वर्षं वाळवलेलं लाकूड. दुसरं, मागच्या महिन्यातल्या वादळात पडलेली झाडं, नुकतीच यंत्रात घालून ढलप्या केलेली. तो म्हणाला, वाळलेलं न्या. विक्रेते काय, जुना माल आधी खपवायला बघणारच. भाजी ताजी घेतो, मासे ताजे घेतो, मग लाकूडच शिळं का घ्यायचं? मी ताजं निवडलं.

तो म्हणाला, "साहेब, ओलं आहे ते." मी म्हणालो, भट्टीत गेल्यावर कोण ओलं राहतं? तो हसला. त्यालाही पटलं.

ट्रक रिकामा झाला तेव्हा सगळ्या आवारात वास पसरला. शिट्टी म्हणाली, जंगलासारखा वास येतोय. मला आला नाही. सर्दी असावी.

१४ ऑक्टोबर

उद्घाटन. लाल फीत, कात्री, समितीचे लोक. बटण दाबल्यावर स्क्रू फिरला, ढलप्या आत गेल्या, आणि धुराड्यातून दाट पांढरा लोट निघाला. तो वर न जाता खाली आला आणि समितीभोवती उभा राहिला. खोकत खोकत एकाने विचारलं, हा धूर आहे का? मी म्हणालो, वाफ. पांढरा रंग शुद्धतेचा.

पाणी एरवी तीस अंश असतं, आज सत्तावीस. सुरुवातीला असं होणारच. यंत्राची आणि पाण्याची ओळख व्हायला वेळ लागतो.

सकाळच्या वर्गाला आम्ही आपसात गुडघे मंडळ म्हणतो. सगळी वयस्कर मंडळी, कोणाचा गुडघा, कोणाची कंबर, कोणाचा खांदा. ही त्यांच्यात सर्वांत तरुण. आज पाण्यातून बाहेर आली तेव्हा ओठ निळसर होते. म्हणाली, जरा गार वाटलं. मी म्हणालो, ताजंतवानं म्हणायचं त्याला. ती टॉवेल गुंडाळून बाकावर बसली. मीही दोन मिनिटं शेजारी बसलो. पण मग समितीचे लोक निघाले, त्यांना सोडायला गेलो. परत आलो तर ती घरी गेली होती.

२१ ऑक्टोबर

स्क्रू अडकला. ओल्या ढलप्यांचा लगदा झाला होता. लोखंडी सळईने मोकळा केला. पुन्हा अडकला. पुन्हा मोकळा केला. चांगला व्यायाम होतो.

बाहेरच्या ढिगातून आपोआप वाफा येतात. हात खुपसला तर आत गरम लागतं म्हणे. साहेबांना मुद्दाम नेऊन दाखवलं. म्हणालो, बघा, याच्यात इतकी ऊर्जा आहे की पेटायच्या आधीच तापलंय. साहेब म्हणाले, कुजतंय ते. निराशावादी माणूस. ढिगाच्या एका बाजूला अळंबी उगवली आहेत. हीसुद्धा एक प्रकारची नूतनशीलता.

पाणी पंचवीस.

निश्चय: राख काढणं. कंपनीच्या माणसाने सांगितलं होतं. उद्या.

२६ ऑक्टोबर

आज मोठ्या बाई ऑफिसात आल्या. गुडघे मंडळाच्या पुढारी, निवृत्त मुख्याध्यापिका. तशाच ओल्या, डोक्यावर रबरी टोपी, पायाखाली पाण्याचं तळं. त्यांनी मला उभं राहायला सांगितलं. मी का उभा राहिलो ते माहीत नाही.

म्हणाल्या, "भिंतीवरचा थर्मामीटर काय म्हणतो ते वाचून दाखवा." मी वाचून दाखवलं. "हे पाणी कोणासाठी आहे?" मी म्हणालो, सर्वांसाठी. त्या म्हणाल्या, "माझ्यासाठी नाही. तुमच्या बायकोसाठी तर मुळीच नाही. तिचा पाय आखडत चाललाय, तुम्हाला दिसत नाही?"

मी म्हणालो, सूचनेची नोंद घेतली जाईल. त्या गेल्यावर भिंतीवरचा थर्मामीटर काढून कपाटात ठेवला. यंत्रं अधूनमधून तपासून घ्यावी लागतात.

घरी हिच्याकडे नीट पाहिलं. जिन्यावरून उतरताना ती एका बाजूला वळून, एकेक पायरी, कठडा धरून उतरते. आधी पाय खाली, मग काठी, मग दुसरा पाय. मला तरी हे सावधपणाचं लक्षण वाटलं. माणसाने जिन्यावर सावधच असावं.

रात्रीच्या जेवणाला सूप होतं. ही म्हणाली, "अहो, मी काय म्हणते, गॅसचा बॉयलर दुरुस्त होणारच नाही का?" मी म्हणालो, मागे वळून पाहणारा पुढे जात नाही. तिने सूप संपवलं आणि तशीच बसून राहिली. मी वाडगे उचलले. मदत करणारा नवरा आहे मी, हे इथे नोंदवून ठेवतो.

३ नोव्हेंबर

ही आज तिच्या बहिणीकडे गेली. माझी मेव्हणी आणि साडू दोन तासांच्या अंतरावर राहतात. त्यांच्या गावातही तलाव आहे. तिथे वर्ग असतो, पाणी चांगलं असतं म्हणे. आठवडाभर राहीन म्हणाली.

साडूंचं मी कधी मनावर घेत नाही. त्यांच्याकडे सगळंच चांगलं असतं. त्यांच्या दाराची कडीसुद्धा कधी खडखडत नाही.

हिने दोन मोठ्या बॅगा नेल्या. शिवाय शिलाई मशीन. आठवड्यासाठी शिलाई मशीन कशाला, असं मनात आलं होतं. पण बायकांना तयारीनिशी जायची सवय असते. साडू गाडी घेऊन आले होते. मशीन त्यांनी एकट्याने उचललं. मी त्याच वेळी वखारवाल्याशी फोनवर बोलत होतो, दुसऱ्या ट्रकचा विषय होता, त्यामुळे हात वर करून निरोप दिला. तिने गाडीच्या काचेतून पाहिलं. फोन लांबला.

घर शांत आहे. कामाला उत्तम.

९ नोव्हेंबर

उकडलेली अंडी. ती कशी होतात याचा अंदाज आला आहे. पाणी उकळलं की होतात. तलावातलं तेवीस.

ताडपत्री वाऱ्याने उडून गेली. ती शेजारच्या शाळेच्या छपरावर सापडली. शाळेने परत दिली, सोबत एक शिपाई पाठवला. तो म्हणाला, मुख्याध्यापक विचारतात, तुमच्या धुरामुळे वर्गाच्या खिडक्या उघडता येत नाहीत, याचं काय? मी त्याला आमचं माहितीपत्रक दिलं. त्यावर झाड आहे.

राख: उद्या नक्की.

हिचा फोन. आणखी आठवडाभर राहते म्हणाली. मी म्हणालो, रहा की. ती म्हणाली, "तुम्ही जेवता ना?" मी म्हणालो, पुष्कळ. लाइन चांगली होती, तिकडे कोणाच्या तरी कपातला चमचा फिरत असल्याचा आवाज येत होता. मग तिने ठेवला.

१७ नोव्हेंबर

अग्निशमन दल येऊन गेलं.

प्रकार असा. सकाळी ढीग आतून धुमसू लागला. मी ते प्रथम पाहिलं आणि समाधानाने पाहिलं, कारण भट्टीत जे होत नव्हतं ते निदान बाहेर तरी होत होतं. पण मग शिट्टीने घंटा वाजवली आणि तलाव रिकामा केला. तलावात एकच जण होता, तो आनंदाने बाहेर आला.

अग्निशमनवाल्यांनी मोठ्या पाइपने सगळ्या ढिगावर पाणी मारलं. म्हणजे माझा सगळा साठा आता आधीपेक्षाही ताजा झाला. त्यांच्या प्रमुखाने विचारलं, याला जबाबदार कोण? मी नम्रपणे पुढे झालो आणि म्हणालो, मी. तो माझ्याकडे बघत राहिला. कौतुकाची मला सवय नाही, मी खाली पाहिलं.

साहेब नुसते गाडीत जाऊन बसले. गाडी सुरू केली नाही. दुपारी मी डब्यातली अंडी खाल्ली तोवर बसलेच होते.

घरी आल्यावर शर्टाला धुराचा वास असणार. मला कळला नाही. तसाच बसलो.

२४ नोव्हेंबर

पाणी एकोणीस. बाहेर सकाळी गवतावर पांढरं दहिवर होतं.

गुडघे मंडळ बंद पडलं. मोठ्या बाई शेवटच्या आल्या होत्या. पायऱ्यांवर उभं राहून त्यांनी एक पाय पाण्यात घातला आणि बाहेर काढला. मग माझ्याकडे वळून टोपी काढली. त्यांचे केस पूर्ण पांढरे आहेत, हे आज कळलं. त्या अशा टोपी हातात घेऊन उभ्या असताना फार लहान दिसल्या. मी म्हणालो, पुढच्या सीझनला भेटू. त्या म्हणाल्या, "माझ्या वयात सीझन मोजत नाहीत हो."

चांगली बातमी: एक नवा सभासद. धिप्पाड माणूस. समुद्रात गार पाण्यात पोहायच्या स्पर्धेची तयारी करतो. रोज येतो, तासभर पोहतो. म्हणाला, इतकं उत्तम गार पाणी शहरात दुसरीकडे कुठे नाही. त्याचा अभिप्राय रिपोर्टमध्ये घातला. 'उत्तम' एवढाच शब्द घेतला.

नवा विचार: गार पाण्याचे उपचार. बोर्ड बदलायचा. शिट्टीला सांगितलं, वर्ग तूच घे. ती म्हणाली, "तुम्ही उतरून दाखवा, मग घेते." मी म्हणालो, व्यवस्थापनाने पाण्यात उतरणं योग्य नाही.

तरी सगळे गेल्यावर एकदा काठापर्यंत गेलो. बूट काढले. मोजे काढले. मग फोन वाजल्यासारखा वाटला म्हणून परत घातले. वाजला नव्हता.

४ डिसेंबर

साहेबांनी बोलावलं. तलाव बंद. कधीपर्यंत ते त्यांनी सांगितलं नाही. खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मी बघू म्हणालो होतो. बघू म्हणजे नाही. तुम्हाला इतक्या वर्षांत कळलं नाही?" मी म्हणालो, स्पष्ट सांगायचं होतं. ते म्हणाले, "हो. ते माझं चुकलं." त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. मी त्यांना धीर दिला. म्हणालो, योजना बरोबर होती, काळ पुढचा होता.

माझी बदली बागांच्या विभागात. काम: सार्वजनिक बागांमधली बाकं मोडली आहेत का ते फिरून पाहणं. बाकं लाकडी आहेत. म्हणजे या क्षेत्रातल्या माझ्या अनुभवाची कदर झाली.

शिट्टीला दुसरं काम दिलेलं नाही. तिची नेमणूक तलावापुरतीच होती. कपाटातून चपला, दोन टॉवेल आणि मुलांना पोहायला शिकवायचे फोमचे छोटे तराफे घेऊन निघाली. तराफे तिचे स्वतःचे होते म्हणे, इतकी वर्षं मला वाटत होतं सरकारी आहेत. मी दार उघडून धरलं. म्हणालो, सगळं नीट होईल. तिने शिट्टी गळ्यातून काढून खिशात टाकली आणि तराफे काखेत नीट धरून बाहेर पडली. एक पडला. तो मी उचलून दिला. ती "थँक्यू" म्हणाली.

नंतर बॉयलरची राख काढली. आज वेळ होता. पूर्ण काढली, कोपऱ्यांतलीसुद्धा. आत इतकी जागा असेल असं वाटलं नव्हतं.

१२ डिसेंबर

चार बागा तपासल्या. बाकं ठीक.

हिचा फोन. म्हणाली, हिवाळाभर इथेच राहायचं ठरवलंय. पाय सुधारतोय. बहिणीच्या ओळखीने एका दुकानात कपडे अल्टर करायचं काम मिळालंय, मशीन आहेच. आवाज मोकळा होता. मध्ये कोणाला तरी काहीतरी सांगितलं आणि हसली, मग पुन्हा मला म्हणाली, "ऐकताय ना?" मी म्हणालो, ऐकतोय. हिवाळ्यानंतरचं मी विचारलं नाही. तिने सांगितलं नाही. दोघांचाही समजूतदारपणा.

फोननंतर मटार शोधायला फ्रीझर उघडला. हिची गुडघ्याला लावायची बर्फाची निळी पिशवी दिसली. ती माझ्या गुडघ्यावर ठेवून पाहिली. माझ्या गुडघ्याला काही झालेलं नाही. पिशवी विरघळून मऊ होईपर्यंत ठेवली. मग पुन्हा फ्रीझरमध्ये ठेवली. मटार नव्हते.

विचार करून ठरवलं आहे: खचायचं नाही. कल्पना चांगली असेल तर गाव बदलावं. साडूंच्या गावी तलाव आहे. तिथले लोक अजून गॅस जाळत असणार, बिचाऱ्यांना कोणी सांगितलंच नसेल. तिथल्या व्यवस्थापकाला भेटायचं. स्लाइड्स तयारच आहेत. त्यांचा तलाव लाकडावर आला की हिलाही कळेल की मी कशासाठी धडपडत होतो. हिला आधी सांगायचं नाही. सरप्राइज.

कापडी पिशवीला इस्त्री केली.

२० डिसेंबर, संध्याकाळ, परतीच्या बसमध्ये

अक्षर हलतं आहे.

सकाळी बसने पोचलो. हातमोजे घरीच विसरले. बसस्टॉपपासून तलाव बराच लांब निघाला. वारा समोरून होता. पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेत घेत गेलो.

मुख्य दारातून न जाता आधी मागच्या बाजूला गेलो. आधी त्यांची परिस्थिती पाहावी, मग बोलावं, असा विचार. मागे एक लांब शेड होती. पत्र्याचं छप्पर, तीन बाजूंनी फळ्या, फळ्यांमध्ये हवा खेळायला फटी. आत ढलप्यांचा ढीग. कोरड्या. एक उचलली तर दोन बोटांत काटकन मोडली. शेजारी बॉयलर. हिरवाच. आमच्या बॉयलरच्याच कंपनीचा, जरा जुना, रंग उडालेला. स्क्रू फिरत होता. धुराड्याकडे पाहिलं तर आधी वाटलं बंद आहे. मग दिसलं, त्याच्या तोंडापाशी हवा नुसती थरथरत होती. बाकी काही नाही.

दारावर बोर्ड होता: हा तलाव लाकडाच्या ऊर्जेवर चालतो. बोर्डाचे कोपरे गंजले होते. खूप वर्षांपूर्वी लावलेला असणार.

तिथे कोणीच नव्हतं. कोणाला काही सांगावं असं कोणी नव्हतं. मी थोडा वेळ स्क्रूकडे पाहत उभा राहिलो. तो अडकला नाही.

मग आत गेलो. तिकीटवालीने विचारलं, पोहायला की नुसतं बघायला? मी म्हणालो, नुसतं. तिने बुटांवर घालायला प्लॅस्टिकच्या पिशव्या दिल्या.

आत काचा वाफेने भरलेल्या होत्या. वर्ग चालू होता. बरेच लोक पाण्यात चालत होते, पुढे आणि मग उलटे, मागे. ही उलटी चालत माझ्या बाजूला येत होती. काठाची दांडी सोडून, दोन्ही हात पाण्यावर पसरून. पाठ माझ्याकडे. काठी कुठे दिसली नाही. शेजारच्या बाईला ती काहीतरी सांगत होती आणि ती बाई हसताना पाणी गिळून खोकत होती. काही सांगताना ही असे हात नाचवते, हे मी विसरलो होतो.

काठाला पाठ लागली तेव्हा तिने वळून वर पाहिलं. आधी माझे प्लॅस्टिकचे बूट दिसले असतील.

"अहो, तुम्ही?"

मी म्हणालो, कामानिमित्त आलो होतो. तिने पिशवीकडे पाहिलं. काम कोणतं ते विचारलं नाही. म्हणाली, आत या ना. मी म्हणालो, कपडे आणले नाहीत.

मग मी काठावर उकिडवा बसलो, म्हणजे मोठ्याने बोलावं लागू नये. विचारलं, हे पाणी लाकडावर तापतं, तुला माहीत होतं?

"हो. पहिल्याच दिवशी बोर्ड वाचला."

मी म्हणालो, मग सांगितलं नाहीस.

ती हाताने पाणी जरा जरा बाजूला सारत होती. म्हणाली, "मला वाटलं तुम्हाला वाईट वाटेल."

मी म्हणालो, मला काही वाटत नाही.

ती म्हणाली, "माहीत आहे."

रागाने म्हणाली नाही. रागाने म्हणाली असती तर मला उत्तर देता आलं असतं.

तिकडे शिक्षिकेने सगळ्यांना पुन्हा रांगेत बोलावलं. ही जायला निघाली, दोन पावलं गेली आणि थांबली. मी बाही वर करून पाण्यात हात घातला. पण बाहेरच्या वाऱ्यात बोटं इतकी गारठली होती की काही कळेना. गरम आहे की गार आहे, काहीच. हिला विचारलं, "गरम आहे का?"

ती म्हणाली, "आहे."

मी हात तसाच ठेवला. रांग पलीकडच्या काठापर्यंत गेली, तरी ठेवला.